मी, इंगवेच्या छातीतली नळी

मी नळी बोलतेय. म्हणजे, माझं बरंचसं. माझं टोक, साधारण बोटाएवढं, कात्रीनं कापून एका बाटलीत घालून तपासायला नेलंय. उरलेली मी इथं पिवळ्या डब्यात वेटोळं होऊन पडलेय. झाकण अजून लागलेलं नाही, म्हणून बोलून घेते.

मला राग आलाय. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कोणी "एवढं चिडायला काय झालं" असं विचारायला नको.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरतात आणि कोणी शिंकलं तर चौकशी बसते. मी मऊ, पांढरी, आतून दोन वाटा असलेली. बाहेरच्या टोकाला दोन शेपट्या, एकीला लाल टोपण, एकीला पांढरं. माझ्या पाकिटावर छापलं होतं, 'एकदाच वापरा.' जन्मताच आयुष्याचा निकाल असा बाहेर छापून लावतात का कोणाच्या? पण ठीक आहे. तेव्हा मी चिडले नव्हते. तेव्हा मला इंगवे माहीत नव्हता.

मे महिन्यात मला इंगवेच्या छातीत बसवलं. वय एकसष्ट, रक्ताचा कॅन्सर, उंची अवाढव्य आणि आवाज मुंगीचा. डॉक्टरनं त्याच्या कातडीखालून एक बोगदा काढला, मला त्यातून सरकवलं, गळपट्टीच्या हाडाजवळ शिरेत घातलं आणि थेट हृदयाच्या दारापर्यंत नेऊन बसवलं. ऑपरेशन चालू असताना त्याला दुखलं. मला कळलं, कारण हृदय दाणदाण आपटत होतं. डॉक्टरनं विचारलं, दुखतंय का? इंगवे म्हणाला, "नाही नाही, तुझं चालू दे."

तिथंच माझी पहिली तिडीक उठली.

इंगवे रेल्वेत वेळापत्रकाच्या कचेरीत होता. चौतीस वर्षं. गाडी किती वाजता सुटणार हे तो ठरवायचा, पण चुकून कोणी त्याच्या जागेवर बसलं तर तो उभ्यानं प्रवास करायचा. तोंडानं म्हणून कोणाला काही सांगायचं नाही. राग आला तर चिठ्ठी लिहायची. त्याच्या बायकोनं बारा वर्षांपूर्वी त्याला सोडलं, तीही चिठ्ठी ठेवूनच गेली. इंगवेनं त्या चिठ्ठीतल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि ती फाइलला लावून टाकली.

त्याच्या चिठ्ठ्यांचं मुख्य ठिकाण म्हणजे इमारतीच्या तळघरातली कपडे धुण्याची खोली. अठरा घरांत मिळून दोन मशीन. भिंतीवर वारांची आणि तासांची पाटी, पाटीत भोकं, आणि प्रत्येक घराचं एकेक चिमुकलं कुलूप. आपलं कुलूप ज्या भोकात, ती आपली वेळ. ह्या पाटीचे नियम इंगवेनं लिहिलेत, एकूण बावीस. नियम मोडणाऱ्यासाठी चिठ्ठी. एक मला तोंडपाठ आहे, कारण ती लिहिताना तो छातीशी कागद धरून बसला होता:

'मशीनच्या जाळीत आपले केस राहिले होते. ते आपल्याला हवे असतील असे समजून पाकिटात घालून ठेवले आहेत. — एक शेजारी.'

ह्या चिठ्ठ्यांना उत्तरं द्यायची गुनेल. वरच्या मजल्यावरची, बहात्तर वर्षांची, पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यांवर हुकूम चालवलेली. ती हिरव्या पेनानं खाली लिहायची. केसांच्या चिठ्ठीखाली तिनं लिहिलं, 'केस माझे नाहीत. आपल्या डोक्यावर नाहीत म्हणजे आपलेही नसावेत. — गुनेल.' अकरा वर्षं हे युद्ध चाललंय. आणि जिन्यात समोरासमोर आले की दोघं हवेबद्दल बोलायचे. आज ऊन आहे. हो, पण वारा आहे. झालं. ह्या देशात सगळे एकमेकांना अगदी डॉक्टरलासुद्धा अरे-तुरे करतात, पण चिठ्ठीत मात्र 'आपण'.

जूनमध्ये त्याला रक्त बनवणाऱ्या नव्या पेशी दिल्या. जर्मनीतल्या कोणा अनोळखी बाईच्या. टोमॅटोच्या सारासारखी दिसणारी पिशवी टांगली आणि सगळं माझ्यातून गेलं, थेंब थेंब, थेट हृदयात. मी त्या दिवशी श्वास रोखून होते. माझ्या पोटातून एका बाईनं दिलेला जीव चालला होता, आणि हा माणूस नर्सला विचारत होता की आभाराचं पत्र पाठवता येईल का. ती म्हणाली येईल, पण नाव घालायचं नाही. इंगवेचा चेहरा उजळला. नाव न घालता लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याला घरी पाठवलं. इथं तशीच पद्धत आहे. घरी माणूस चांगलं जेवतो, चालतो, दवाखान्यातले जंतू लागत नाहीत. नर्स रोज घरी येते, माझ्यातून रक्त काढते, मिठाचं पाणी सोडून मला धुते, औषध देते. आमच्या नर्सचं नाव सेमहार. आईबाप एरिट्रियाचे, ती इथंच वाढलेली, दारात बूट काढून घरात शिरायची आणि हात कोपरापर्यंत धुवायची. तिनं पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगितल्या. ताप अडतीस झाला की लगेच फोन, कधीही, जेवताना असो की झोपेत. नळीला पाणी लागू द्यायचं नाही. आणि तळघरात जायचं नाही, तिथं बुरशी असते, तुझ्या अंगात आत्ता बुरशीशी भांडायला एक शिपाई नाही. फोनचा नंबर तिनं फ्रिजवर चिकटवला. ती गेल्यावर इंगवेनं तो काढून सरळ करून पुन्हा चिकटवला. हे सोडलं तर त्या नंबराला त्यानं हात लावला नाही.

आता रागाचं मूळ ऐका.

आंघोळीच्या वेळी माझ्यावर चिकटवायचे प्लॅस्टिकचे तुकडे असतात. ते मंगळवारी संपले. सेमहार रोज जाताना विचारायची, काही हवंय का? रोज हा म्हणायचा, नको नको, सगळं आहे. का? तर तिच्या बॅगेत आधीच खूप सामान असतं. बुधवारी ह्यानं मला पाव ठेवायच्या पिशवीत गुंडाळलं आणि चिकटपट्टी लावली. चौतीस वर्षं आगगाड्या वेळेवर सोडणारा माणूस मला पावाच्या पिशवीत घालून फवाऱ्याखाली उभा. पाणी आत आलं. माझ्या लाल टोपणाच्या आट्यांतून झिरपलं. शिवाय पिशवीच्या तळाला पावाचा चुरा होता.

दोन दिवसांत मला आतून बुळबुळीत वाटायला लागलं. मला वाटलं, वय झालं.

शुक्रवार उजाडला. उन्हाळ्यातला मोठा सण, ज्या दिवशी सगळा देश दुपारी एक वाजता खारवलेला मासा आणि नवे बटाटे खातो आणि फुलांच्या खांबाभोवती बेडकासारखा उड्या मारतो. मी खोटं बोलत नाहीये, शहाणी, नोकरदार माणसं मारतात. सेमहार दहाला आली. बॅगेतून माशाची बरणी डोकावत होती. तिनं सांगितलं की आज सासरची बारा माणसं जेवायला आहेत आणि सासू म्हणते, हिला मासा खारवता येत नाही. मग विचारलं, ताप किती?

इंगवेनं सकाळी मोजला होता. ३७.८. त्यानं बरणीकडे बघितलं.

"सदतीस तीन," तो म्हणाला.

"थंडी वगैरे?"

"छे. तू जा, मासा गरम होईल."

हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आकड्यात खोटं बोलला, आणि ते माशासाठी. सेमहारनं मला मिठाच्या पाण्यानं धुतलं. जोरात, झटके देत, शिकवलंय तसं. माझ्या आत जे काही चिकटून बसलं होतं ते त्या पाण्याबरोबर सुटून त्याच्या रक्तात गेलं. मला जाणवलं. मी ओरडले. नळीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

अर्ध्या तासात तो कापायला लागला. दात वाजत होते, पलंगाचा पाय जमिनीवर टकटक करत होता. ३८.९. चादर घामानं ओली. फोन तीन पावलांवर. मी म्हटलं, आता तरी.

तर हा विचार काय करतो? आज सण. वॉर्डात माणसं कमी असतील. जी असतील ती आत्ता स्ट्रॉबेरीचा केक खात असतील. केक खाणाऱ्याला उठवायचं बरं दिसत नाही. सोमवारी सकाळी फोन करू, आठच्या आधी नको, आठला पाळी बदलते. आणि चादर ओली झालीये, तर साडेदहाची धुण्याची वेळ आपलीच आहे.

तो चादर घेऊन तळघरात निघाला. ज्या तळघरात जायचं नाही तिथं. वाटेत दोनदा पायरीवर बसला. पोचला तेव्हा सव्वाअकरा झाले होते आणि मशीनमध्ये गुनेलची टेबलावर अंथरायची कापडं फिरत होती. त्याच्या वेळेत.

सांगते, त्याचं हृदय तापानं जेवढं उडत नव्हतं तेवढं ते बघून उडालं. त्यानं खिशातून कागद काढला. ह्याच्या खिशात कायम कागद असतो.

'साडेदहा ते साडेबारा ही वेळ माझी आहे. माझे कुलूप पाटीवर आहे. मला ३८.९ ताप असून छातीत नळी आहे, तरीही मी पाटीचा मान राखतो. आपणास ते जमू नये याचे वाईट वाटते. — एक शेजारी.'

चिठ्ठी लावून तो वर गेला. बरं, वर जाऊन फोन केला? नाही. उत्तराची वाट बघत बसला. पाऊण तासानं, ताप मोजून, भिंत धरत तो पुन्हा खाली. हिरव्या शाईत लिहिलं होतं:

'अर्ध्या तासात मशीन सुरू न केल्यास वेळ दुसऱ्यास घेता येते. नियम ७. आपणच लिहिला आहे. ताप असल्यास फोन करावा, भिंतीला सांगू नये. — गुनेल.'

नियम सात. त्यानं तो आठवून बघितला. बरोबर होता. शब्दरचनाही चांगली होती. त्यानं खाली लिहिलं, 'सणाच्या दिवशी लोकांना त्रास देणे योग्य वाटत नाही. शिवाय आता ३९.६ आहे.' पण ओळ घसरत घसरत कागदाबाहेर गेली आणि शेवटचा आकडा भिंतीवर उमटला.

मी तुम्हाला विचारते. माझ्या पोटातून त्या जर्मन बाईच्या पेशी गेल्या, त्या ह्याच्या हाडांत घर शोधत होत्या, आणि हा घरमालक चिठ्ठीतून पत्रव्यवहार करत मरायला बसला होता. कोणाला त्रास नको म्हणून. ह्याला सभ्यपणा म्हणतात? मला हात असते तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

वर येऊन तो दारामागे जमिनीवरच बसला. मग बेल वाजली.

इथं न कळवता कोणी कोणाची बेल वाजवत नाही. आग लागली तरी आधी मेसेज करतात. त्यामुळे इंगवेनं दार उघडलं नाही, श्वास धरून बसला, जणू घरात कोणी नाही. तेव्हा दाराला जी टपाल टाकायची फट असते ना, तिची झडप वर उचलली गेली आणि आतमध्ये दोन डोळे दिसले.

"इंगवे," गुनेल म्हणाली, "तू आत आहेस. मला तुझं डोकं दिसतंय."

त्यानं डोकं खाली घेतलं.

"अकरा वर्षं मी तुझं अक्षर वाचतेय. एक ओळ कधी वाकडी गेली नाही तुझी. आज तू भिंतीवर लिहिलंस."

"पुसून टाकीन," इंगवे म्हणाला.

"दार उघड."

"तुझ्याकडे पाहुणे असतील. बटाटे गार होतील."

"बटाटे गेले खड्ड्यात. दार उघड, नाहीतर डिसेंबरपर्यंत तुझी वेळ माझ्या कुलपानं अडवून ठेवते. मग धू चादरी बेसिनमध्ये."

हे ऐकून त्यानं हात वर करून कडी काढली. जंतूंना न घाबरलेला माणूस पाटीला घाबरला. गुनेल आत आली ती बुटांसकट, डोक्यावर फुलांचा मुकुट, मुकुटातून मातीचे कण पडताहेत. मुकुट आधी तिनं दाराबाहेर भिरकावला, आजारी माणसाजवळ माती नको, तेवढी अक्कल तिला होती.

"बूट," इंगवे क्षीण आवाजात म्हणाला.

"लिही त्याची चिठ्ठी," गुनेल म्हणाली आणि फ्रिजकडे गेली. सरळ चिकटवलेला नंबर तिनं फिरवला. दुसऱ्या घंटेला कोणीतरी फोन उचलला. केक कोणीही खात नव्हतं.

ॲम्ब्युलन्स आली, वॉर्ड, पलंग, औषध. औषध माझ्यातूनच दिलं. रक्त दोन ठिकाणांहून घेतलं, एक बाटली माझ्यातून, एक त्याच्या दंडातून. आणि मी मनात म्हटलं, आता कळेल सगळ्यांना. पावाच्या पिशवीत घालणारा कोण, खोटा आकडा सांगणारा कोण. ज्याचं माप त्याच्या पदरात घालायला मी सज्ज होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आली आणि तिनं वाचून दाखवलं. माझ्या बाटलीत जंतू दंडाच्या बाटलीपेक्षा पाच तास आधी उगवले होते. म्हणजे ते माझ्यातच राहत होते. घर करून, वंशावळीसकट.

हे मला झोंबलं. सगळ्यांवर डाफरत होते आणि ते माझ्या पोटात होते. मीच ते त्याच्या हृदयाच्या दारात नेऊन सोडत होते, रोज दहा वाजता. मी नव्हते बोलावलं त्यांना, पण बुळबुळीत वाटत होतं ते मला बुधवारनंतर कळत होतं, आणि मी म्हटलं, वय झालं. इंगवे म्हणतो, काही नाही, होईल बरं. आम्ही दोघं इतके दिवस एकत्र राहिलो त्याचा परिणाम असेल.

दोन दिवस औषध झालं. ताप खाली येईना. आज, रविवारी दुपारी, मला काढायचं ठरलं. सेमहार मदतीला होती, आज तिची पाळी वॉर्डात होती. ती इंगवेशी बोलत नव्हती. त्या दिवशी सदतीस तीन खरं मानून ती मासा वाढायला गेली होती, आणि ते तिच्या मनातून जात नव्हतं. कातडीखाली माझ्यावर एक कापडी पट्टी आहे, तिला त्याचं मांस धरून बसलं होतं. डॉक्टरनं ओढलं. मांस सोडेना. मीही सोडत नव्हते, खरं सांगायचं तर. मग एक झटका, आणि हृदय माझ्यापासून सुटलं.

"दुखलं?" डॉक्टरनं विचारलं.

इंगवेनं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "हो."

सेमहारनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. बस.

माझं टोक कापलं, बाटलीत गेलं. उरलेली मी ट्रॉलीवरच्या ह्या पिवळ्या डब्यात. सेमहारनं भोकावर दहा मिनिटं दाबून धरलं, पट्टी लावली, बेलचं बटण त्याच्या बोटाखाली ठेवलं आणि सांगितलं की नळी काढताना कधीकधी जंतू रक्तात सुटतात, थंडी वाजली तर दाब. मग पलीकडच्या खोलीतून कोणीतरी हाक मारली आणि ती गेली. झाकण राहून गेलं.

पाच मिनिटांत थंडी आली. पलंगाची दांडी वाजायला लागली. मी डब्यातून बघतेय. बटण बोटाखाली आहे. त्यानं बटण बाजूला ठेवलं आणि उशाखालून कागद काढला.

कागद. मी तळपायापासून पेटले असते, पाय असता तर. मी म्हटलं, संपलं. हा चिठ्ठी लिहिणार, 'थंडी वाजत आहे, सवडीने बघावे', आणि दाराला लावायला उठून मरणार. त्यानं लिहिलं. वाकड्या ओळीत, वेळ लावून. मग इकडेतिकडे बघितलं. चिकटवायला काही नव्हतं.

त्यानं बटण उचललं आणि दाबलं.

सेमहार पळत आली. "काय झालं?"

"चिकटपट्टी हवी होती," इंगवे म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखते, मला चेहरा असता तर तो तसाच दिसला असता.

"आणि," इंगवे म्हणाला, दात वाजत, "थंडी वाजतेय. खूप. आणि मला भीती वाटतेय, सेमहार. आणि शुक्रवारी सकाळी सदतीस तीन नव्हता, सदतीस आठ होता."

मग धावपळ झाली. थर्मामीटर, डॉक्टर, दंडातल्या सुईतून दुसरं औषध, दोन ब्लँकेटं. तासाभरानं पलंग वाजायचा थांबला. डॉक्टर म्हणाली, वेळेत कळलं. सेमहारनं खिशातून पट्टीचं भेंडोळं काढलं, चिठ्ठी वाचली आणि स्वतःच पलंगाच्या दांडीला लावली. इथून मला दिसतेय:

'यापुढे या पलंगावरील माणूस बेल वाजवील. हरकत असल्यास कळवावे. — इंगवे.'

खाली नाव आहे. एक शेजारी नाही, इंगवे.

माझा राग गेलेला नाही. जाणारही नाही, मला भट्टीत जाळतील तेव्हा धूर थोडा जास्त निघाला तर समजा. पण जाता जाता तुम्हाला सांगते, तुमच्या छातीत नळी असो नसो. तो नंबर सरळ करून चिकटवायला दिलेला नसतो. फिरवायला दिलेला असतो. पलीकडे कोणी केक खात नसतं. आणि खात असलं तर खाली ठेवेल.

सेमहार झाकण घेऊन आलीये. बोलता बोलता तिनं इंगवेला विचारलं, काही हवंय का?

"हो," तो म्हणतोय, "खूप काही हवंय. बसतेस का जरा?"